एका नाल्याच्या पाच लांब्या

मुलीला तक्ता करून देतो असं मी म्हणालो, तेव्हा तो खरोखर एकच तक्ता होता. एक ड्रॉइंग शीट, चार रकाने, वर ठसठशीत मथळा आणि खाली उजव्या कोपऱ्यात माझी बारीक सही. शनिवारी जेवण झाल्यावर बसलो की दुपारच्या चहाआधी उठू, असा माझा अंदाज होता. अंदाज हा शब्द मी इथे नाइलाजाने वापरतो आहे. तेहेतीस वर्षं मी सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या, आणि अंदाजाने बोलणाऱ्या माणसाला मी कधी धुऱ्यावर उभं राहू दिलं नाही. धुरा म्हणजे दोन वावरांमधली हद्द. पुण्याकडे तिला बांध म्हणतात. बांधावर बसून माणूस शेंगा खातो. आमच्या वऱ्हाडात धुऱ्यावरून माणूस थेट कोर्टात जातो.

पौर्णिमा माझी मुलगी. अकोल्याला कॉलेजात गणित शिकवते. विज्ञान दिनाला त्यांच्याकडे प्रदर्शन होतं आणि तिच्या वाट्याला विषय आला होता, 'निसर्गातील फ्रॅक्टल आकारांचे वर्गीकरण'. "बाबा, बाकीचे सगळे कॉम्प्युटरवरून छापून आणून राह्यले," ती फोनवर म्हणाली, "पण तुमच्या अक्षराची सर त्याले नाही. तुमी द्याल का करून?" नऊ वर्षांच्या नोकरीत तिने तिच्या विषयातलं काही माझ्याकडे पहिल्यांदाच मागितलं होतं. माझा ऊर भरून आला. फ्रॅक्टल म्हणजे काय, हे मी होकार दिल्यानंतर विचारलं.

तिने सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. असा आकार, की ज्याचा तुकडा मोठा करून पाहिला तर त्यात अख्ख्याचीच ठेवण दिसते, आणि त्या तुकड्याच्या तुकड्यातही तीच. तक्त्यासाठी तिने चार प्रकार ठरवले होते : फाट्यांचे, भेगांचे, गड्ड्यांचे आणि काठांचे. शंखाची गोल वळणं यात धरायची की नाही यावर तिच्या विभागात दोन तट पडले आहेत, असंही म्हणाली. ते ऐकून मला हुरूप आला. जिथे दोन तट पडतात तिथे मोजणीदाराला काम असतं.

फोन ठेवून अंगणात आलो. दारासमोरचा निंब मी अठरा वर्षं पाहत होतो, म्हणजे त्याच्या सावलीत स्कूटर लावत होतो. पानगळ सुरू होती, त्यामुळे त्याचा सांगाडा उघडा पडला होता. खोडाला दोन फांद्या, फांदीला दोन डहाळ्या, डहाळीला काड्या, आणि फाटण्याची रीत वरपर्यंत एकच. खाली पडलेलं एक पान उचललं तर त्याच्या शिरांनीही तोच हिशोब चालवलेला. मी अवाक झालो. एवढा मोठा नकाशा माझ्या दारात उभा होता आणि मी त्याला फक्त झाडलोट करायला लावतो म्हणून शिव्या देत होतो.

"अहो, झाडाले काय पाहून राह्यले?" आतून सुभद्रा ओरडली. सुभद्रा माझी पत्नी. "सिलिंडरचा नंबर लावा पयले."

मी तिला फ्रॅक्टल समजावून सांगितलं. ही माझी पहिली चूक. संध्याकाळी तिने ते भजनी मंडळात समजावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून कॉलनीतली मंडळी नमुने घेऊन यायला लागली. कोणी आल्याचा गड्डा आणला, कोणी मोराचं पीस, कोणी गाडीची तडकलेली काच. ती निसर्गात येत नाही म्हणून मी परत केली, तर त्या गृहस्थांनी गारपिटीत तडकली होती असं सांगून पुन्हा आणून दिली. एका बाईंनी टाचांच्या भेगा चालतील का असं विचारलं. मी नको म्हणालो, पण मनातल्या मनात दुसऱ्या प्रकारात नोंद केली.

आमचे शेजारी नत्थुजी बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना चार प्रकार फार वाटले. "चंद्रभानजी, साधी, जलद अन निमआराम," ते म्हणाले, "तीन प्रकारात सारं जग बसते. चौथा काढला का गोंधळ झालाच समजा." मग ते घरी गेले आणि आपल्या अँजिओग्राफीचं चित्र घेऊन आले. "हे पाहा, फाट्यांचा प्रकार. असा फाटा डॉक्टरनं जिल्ह्यात पाह्यला नव्हता." चित्र खरंच सुंदर होतं. उन्हाळ्यात आभाळात वीज फुटावी तशा त्या रक्तवाहिन्या पसरलेल्या. आपल्या बोलघेवड्या शेजाऱ्याच्या छातीत इतकं नाजूक काम केलेलं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. चित्राखाली आपलं नाव टाकावं एवढीच त्यांची अट होती. मी ती मान्य केली.

गड्ड्यांच्या प्रकारासाठी मी शकुनकडे गेलो. शकुन आणि तिचा नवरा बडनेऱ्याच्या बाजूला दीड एकरात भाजी काढतात आणि ती आमच्या कोपऱ्यावर हातगाडी लावते. मी एक फूलकोबी विकत घेऊन तिथेच मोडायला बसलो. मोठं फूल, त्यातून लहान फूल, त्यातून अजून लहान, भिंगाखाली सातवं. गिऱ्हाइकं खोळंबली.

"काका, काय हुडकून राह्यले? अळी निंघाली का?"

"अळी नाही ग. आत आत तेच फूल निघतं की नाही ते पाहतो आहे."

"तेच निंघन," शकुन वजन करता करता म्हणाली. "बी पेरल्यापासून तेच करून राह्यलं थे. एवढुस्सं असते नखावानी, तवाच त्याच्यात हे सारं असते. मी रोज सकाळी पाह्यतो. पानं बांधून देतो वरून, ऊन नाई लागू देत." मी भिंग खिशात घातलं. मी सात थर मोजले होते; ती सगळे थर वाढवत होती. तक्त्यावर तिचं नाव घालतो म्हटलं तर ती लाजली आणि कोथिंबिरीची जुडी वर टाकली.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. बिनसलं ते चौथ्या प्रकाराशी.

"काठांचे म्हणजे नदीचा काठ, नाल्याचा काठ, ढगाची कड," पौर्णिमा फोनवर म्हणाली. "याची गंमत अशी आहे बाबा, की याले ठरावीक लांबी नसते. मोजायची पट्टी जितकी लहान घ्याल तितकी लांबी वाढत जाते."

"काहीतरीच. नाल्याला लांबी असते. मी सहीशिक्क्यानिशी दिलेली आहे."

"ती तुमच्या मोजणीच्या साखळीची लांबी होती बाबा. नाल्याची नव्हती."

पोटच्या मुलीने तेहेतीस वर्षांची नोकरी एका वाक्यात पुसून टाकावी, तीही मोबाइलवर, स्पीकर सुरू असताना, आणि स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज यावा, याहून मोठा अपमान सेवापुस्तकात नोंदता येणार नाही. रात्री मला जेवण गेलं नाही. तीन भाकरींवरच उठलो. उठताना ठरवलं की नाला मोजून दाखवायचा. साखळीने, फीत्याने आणि वाटल्यास फूटपट्टीने. तिन्ही वेळा लांबी एकच आली की तिला तक्त्याच्या तळाशी लिहून द्यायचं, 'काठांचा प्रकार रद्द'.

नाला कोणता, हेही ठरलेलं होतं. तिवश्याहून सहा किलोमीटर आत एक गाव आहे. तिथे पंजाबराव आणि महादेवराव यांच्या वावरांमधून एक नाला जातो आणि तोच त्यांचा धुरा. बावीस वर्षांपूर्वी तो मी साखळीने मोजला, चारशे बारा मीटर भरला. तीन वर्षांनी महादेवरावांनी तक्रार केली, साहेबांनी बारकाईने मोजा म्हणून सांगितलं, तेव्हा मी फीत्याने मोजला. चारशे सदुसष्ट भरला. पंचावन्न मीटर नाला आपोआप वाढत नाही. मी शेरा मारला : 'पंजाबराव यांनी धुरा कोरून नाला आपल्या सोयीने वळविल्याचे दिसून येते.' त्या दिवसापासून गावात पंजाबरावांचं नाव धुरेचोर पडलं. मी माझं काम केलं होतं. आता पौर्णिमेचं म्हणणं खरं निघालं असतं तर पंजाबराव निर्दोष ठरत होते, आणि मग मी कोण ठरत होतो, ते वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण केलं नाही.

रविवारी सकाळी निघालो. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी शाल दिली होती, आणि भंगारात निघालेली वीस मीटरची साखळी मी मागून घेतली होती. ती पिठाच्या पोत्यात घातली, फीता खिशात, फूटपट्टी पिशवीत, आणि साखळीचं दुसरं टोक धरायला मागच्या सीटवर नत्थुजी. ते रस्ताभर येणाऱ्या प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्याने सांगत होते.

नाल्यावर पोहोचलो आणि मी मोजणी विसरलो. नाला कोरडा होता. पंजाबरावांच्या बाजूने, काठाला लागून, चारशे मीटरभर एक पाच हात रुंदीचा पट्टा होता, ज्याला वर्षानुवर्षं नांगर लागलेला नव्हता. अलीकडे हरभरा सोंगून, म्हणजे कापून, झालेलं साफ वावर, आणि या पट्ट्यात नुसतं रान. बोरीची झुडपं, त्यांच्या काट्यांना काटे. रानतुळशीचे तुरे, तुऱ्यांना तुरे. मोकळ्या जागी काळ्या मातीला पडलेल्या भेगा, मोठ्या भेगेतून लहान भेग, तिच्यातून केसाएवढी, आणि त्यांच्यामधली ढेकळं फरशी बसवावी तशी एकमेकांत बसलेली. पौर्णिमेचे चारही प्रकार एका ठिकाणी. शंभर कॉलन्यांनी आणून दिले असते तरी इतके नमुने जमले नसते. मी गुडघ्यावर बसून भेगा पाहत होतो आणि माझ्या तोंडून नकळत "वा, वा" निघत होतं.

आता वऱ्हाडात एक गोष्ट आहे. माणूस धुऱ्यावर साखळी घेऊन उभा असेल, तर तो नमुने गोळा करायला आला आहे यावर काळं कुत्रंही विश्वास ठेवत नाही. दहा मिनिटांत कोतवाल आला. अमोल त्याचं नाव. त्याने आधी आमचा फोटो काढला आणि मग नमस्कार केला.

"मोजणी हाय का साहेब? नोटीस कुठी हाय?"

"मोजणी नाही. शास्त्रीय कुतूहल आहे."

"थे असन. पण लगतच्या कब्जेदारायले आगाऊ नोटीस पाह्यजे ना. तुमीच तर सांगत होते मागं."

सांगत होतो खरा. माझाच नियम माझ्या अंगावर आला होता. एवढ्यात नाल्याच्या अलीकडे पंजाबराव येऊन उभे राहिले, पलीकडे महादेवराव, आणि दोघांच्या मागे गाव. दोघेही सत्तरीला आलेले, दोघांच्याही काखेत कागदांची पिशवी. या भागात घराला आग लागली तर माणूस आधी सात-बारा बाहेर काढतो. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. पंजाबराव माझ्याकडेही बघत नव्हते.

अमोलने तलाठ्यांना फोन लावला. ते लग्नात होते. वाजंत्रीच्या आवाजात त्यांनी सांगितलं की पंचनामा करा. मग बोरीखाली बसून पंचनामा लिहायला घेतला : 'आम्ही खालील सह्या करणारे पंच असे लिहून देतो की, निवृत्त भूकरमापक श्री. चंद्रभान हे कोणाचाही अर्ज नसताना, स्वखुशीने, सदर नाला मोजीत आहेत. सदर मोजणीचे कारण विचारता त्यांनी गणित असे सांगितले.' नत्थुजींनी पंच म्हणून पहिली सही केली आणि हुद्दा लिहिला, 'वाहक'. अमोलला वाटलं, साखळी वाहणारा. कागदाची शेवटची चार बोटं कोरी ठेवली, निष्कर्षासाठी.

मोजणी नाही हे सगळ्यांनी मान्य केलं, आणि लगेच मोजणीदाराचा पाहुणचार सुरू झाला. महादेवरावांकडून चहा आला. तो पिऊन होतो न होतो तोच गर्दीतून पंजाबरावांकडचा आला. महादेवरावांनी हुळा भाजायला घेतला, ओल्या हरभऱ्याचा, तर पंजाबरावांकडून वांग्याचं भरीत निघाल्याची बातमी आली. एका बाजूचं खाल्लं आणि दुसऱ्या बाजूचं टाकलं तर मोजणी एकतर्फी ठरते, हे मला नोकरीने शिकवलं आहे. मी दोन्ही बाजूंचं सारखं खाल्लं. नत्थुजींनी दोन्ही बाजूंचं दुप्पट खाल्लं.

मग साखळी लावली. एका टोकाला नत्थुजी, एका टोकाला मी, वळणावरून वळणावर, सगळं गाव मागून. चारशे नऊ मीटर. जुन्या आकड्याशी तीन मीटरचा फरक. नाला माझ्याशी प्रामाणिक राहिला होता. मी पौर्णिमेची मनात कीव केली.

मग फीता काढला. फीता काठाला लागून जातो. साखळी ज्या लहान वाकणांवरून सरळ निघून जाते, त्या वाकणांत तो शिरतो. तासाभराने बेरीज केली. चारशे सहासष्ट.

मी बेरीज पुन्हा केली. मग उलटीकडून केली. तेव्हाचे चारशे बारा आणि चारशे सदुसष्ट, आजचे चारशे नऊ आणि चारशे सहासष्ट. तेव्हा मध्ये तीन वर्षं गेली होती. आज मध्ये फक्त तासभर गेला होता, आणि कोणाच्या हातात कुदळ नव्हती.

"काय भरलं साहेब?" महादेवराव पलीकडून म्हणाले. मी आकडा सांगितला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सकाऊन त चारशे नऊ होता. फीता झोल खाऊन राह्यला तुमचा. हे घ्या." त्यांनी हातभर लांबीची सरळ काठी तोडून दिली. "काठीले झोल नसते."

मी मान हलवली, कारण मलाही तेच हवं होतं. गावातली चार माणसं काठी टाकत निघाली, बाकीची मोठ्याने मोजत. पाचशे एकोणतीस मीटर. आता पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना चेव चढला. एकाने एक वळण वितीने मोजलं. ज्या वळणाला साखळीने वीस मीटर दिले होते, ते वितीने एकतीस भरलं. "अरे बाप्पा," अमोल म्हणाला, "हा नाला होय का काय होय? मोजला का वाढते!" मला अकोल्याचा आवाज ऐकू येत होता.

पंजाबराव या मोजणीत सामील झाले नव्हते. ते काठाशी उकिडवे बसले होते. त्यांच्या पायाशी एक मुंगी काठाच्या कडेने चालली होती. प्रत्येक ढेकळावर चढायची, प्रत्येक भेगेत उतरायची, पुन्हा वर यायची.

"साहेब," ते मुंगीकडेच बघत म्हणाले, "हिले इचारलं, त हाच नाला कितीक कोस भरन?"

पौर्णिमेला जे समजवायला दोन फोन लागले, आणि तरी मला समजलं नव्हतं, ते या माणसाने एका मुंगीवर सांगून टाकलं होतं. मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की मी तोंडातल्या तोंडात "वा" म्हणालोसुद्धा. मग त्या वाक्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोहोचला आणि कान तापले.

महादेवरावांनाही तो तेव्हाच कळला असावा. "मंग थ्या टायमाले," ते सावकाश म्हणाले, "तीन सालानं नाला वाढला होता. थो काहून वाढला होता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तांत्रिक कारण, असं म्हणता आलं असतं. उपकरणभेद, असा एक चांगला शब्द खात्यात आहे. नत्थुजी माझ्या कानाला लागून कुजबुजलेसुद्धा, "उन्हाचा फरक म्हणा, साखळी तापते." माझ्या आयुष्यातली ती एकच गोष्ट अशी होती की जी मी मोजल्याशिवाय ओळखली : माझी चूक. ती बरीच मोठी होती.

"नाला वाढला नव्हता," मी म्हणालो. "मी साखळी सोडून फीता घेतला होता. पंजाबरावांनी धुरा कोरला नाही. कधीच नाही. शेरा चुकीचा होता, आणि तो माझा होता."

मला वाटलं पंजाबराव चिडतील, किंवा रडतील, किंवा मोठ्या मनाने जाऊ द्या म्हणतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. ते उठले आणि कोऱ्या ठेवलेल्या चार बोटांवर बोट ठेवून म्हणाले, "हे इथी लिवा."

मी लिहिलं. माझं सर्वांत चांगलं अक्षर काढलं, मथळ्याचं. खाली सही केली. त्यांनी अमोलकडून ते मोठ्याने वाचून घेतलं, मग अजून एकदा, पलीकडे ऐकू जाईल असं.

"माह्या पोरीच्या सोयरिकीत पाव्हणे इचारत, धुऱ्यावाले पंजाबराव तुमीच का," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तवापासून मी या काठाले नांगर नाई लावला साहेब. पाच हात अलीकडूनच बैल वळवतो. कोनं म्हणू नोय का आजबी कोरून राह्यला."

म्हणजे तो पट्टा. ज्याच्यासमोर मी सकाळी गुडघे टेकून वा, वा करत होतो, तो माझ्या एका ओळीने वाढवलेला होता. एकोणीस वर्षं दर हंगामात एक माणूस स्वतःच्या जमिनीवरून पाच हात मागे सरत होता आणि मी त्याच्या जागेवर उगवलेल्या सौंदर्याचे प्रकार पाडत होतो. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

महादेवराव नाला उतरून अलीकडे आले. माफी वगैरे शब्द आमच्याकडे कोणाच्या तोंडात बसत नाहीत. ते खाली बघत म्हणाले, "माहा ट्रॅक्टर उभाच हाय. घेऊन जा. एका घंट्यात साफ होते."

"ट्रॅक्टर नोको," पंजाबराव म्हणाले. "त्याले वाकणं घेता येत नाई. थो सरका निंघून जाते, तुमच्या साखळीवानी." हे वाक्य कोणाला उद्देशून होतं ते मला कळलं. "बैलच पाह्यजेत."

महादेवरावांनी कुऱ्हाड मागवली आणि बोरीची झुडपं तोडायला स्वतः घेतली. पंजाबरावांनी बैल जुंपले, काठाच्या अगदी ओठावर नांगर टेकवला आणि हाक दिली. रानतुळस गेली, तुरे गेले, फरशीसारख्या भेगा उलथून आतली ओलसर काळी माती वर आली. माझ्या तक्त्याचे चारही रकाने माझ्या डोळ्यांदेखत पालथे होत होते, पण मला त्या नांगरावरून नजर काढवेना. काठ जिथे वाकला तिथे तो वाकत होता, जिथे एका हातभर खाचेने आत गेला तिथे बैल थांबवून, कासरा आवळून, तो आत जात होता. एकही वाकण सुटलं नाही, आणि एक चिमूट माती नाल्यात पडली नाही. तेहेतीस वर्षांत मी इतकी अचूक मोजणी पाहिलेली नव्हती.

मग आम्ही परत निघालो. नत्थुजींनी थांब्यांची नावंसुद्धा सांगितली नाहीत. घरी पोहोचून हातपाय धुतो तोच अकोल्याचा फोन आला.

"बाबा, कुठपर्यंत आला तक्ता?"

"तुझं खरं निघालं. चौथा रकाना ठेवायचा. लांबीच्या पुढे 'सांगता येत नाही' असं लिहितो."

"खरंच? तुमी लिहाल?" ती हसली. "अन नमुने मिळाले का?"

"चारही प्रकार एकाच काठावर मिळाले होते. पण ते आता नाही येणार. नांगरून टाकले."

"अरे बाप्पा! इतके चांगले नमुने कोनं नांगरले?"

"मालकानं," मी म्हणालो.